दिवा क्रमांक ४४१७

शेफील्डची दिवेलागण माझ्याकडे असते.
म्हणजे तशी ती कुणाकडेच नसते;
सूर्य किती खाली गेला ते खांबांचं खांबांना कळतं.
मी पडद्यासमोर बसते, रात्री दहा ते सहा,
डब्यात दहीभात, थर्मासमध्ये चहा,
आणि समोर हजारो ठिपके.

बारानंतर शहर मंद करायचं, असा ठराव आहे.
कुणी चाललं की खांब जागा होतो,
पुढच्याला सांगतो, पुढचा त्याच्या पुढच्याला,
पंगतीत जिलबी निघाल्याची खबर
शेवटच्या पानापर्यंत जावी, तसं.

मला माणूस दिसत नाही.
दिसतो तो उजेड, टेकडी चढताना.
नर्सचा उजेड भरभर,
प्यालेल्याचा दोन खांब पुढे, एक मागे.
मांजराचाही असतो. यंत्र मांजराला माणूस धरतं.
मी हरकत घेतलेली नाही.

खालच्या रस्त्यावर पूर्वी म्हणे रात्रभर वर्दळ असे,
पोलादाच्या कारखान्याची पाळी सुटायची,
कागदात गुंडाळलेले गरम बटाटे, शिट्ट्या, भांडणं.
मग कसायाने दुकान वाढवलं. चांभाराने वाढवलं.
पोस्टाने, आणि शेवटी बँकेनेसुद्धा.
आपल्यात दुकान बंद करत नाहीत, वाढवतात,
हे मी एकदा ग्रॅहमला समजावलं.
तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
‘असं बघितलं तर आमचं शहर फारच वाढलंय.’

आता सगळं दारात येतं.
रस्त्यावर सायकलवाल्या पोरांचे उजेड तेवढे पळतात,
नकाशाने आखून दिलेल्या रेघेवरून.

नोव्हेंबरात ४४१७ लाल झाला.
सलग दहा मिनिटं पूर्ण उजेड म्हणजे बिघाड.
(एका जागी माणूस दहा मिनिटं कशाला उभा राहील,
असं कुणीतरी बैठकीत विचारलं असणार
आणि कुणालाच उत्तर सुचलं नसणार.)
रोज तीन वाजून वीस मिनिटांनी. रविवार सोडून.

सुटीच्या रात्री मी स्वतःच गेले.
वाढवलेल्या बँकेच्या पायरीवर
बेरिल हॉबसन, वय एक्याऐंशी, झोप न येणारी;
टेस्फाय, पाठीवर चौकोनी पेटी, ऑर्डर नसलेला;
आणि बेकरीतला व्होइतेक, भट्टी तापेपर्यंत बाहेर आलेला.
वाद चालला होता, कोबी आंबवताना मीठ किती.
दिवा मंदावला की बेरिल काठी वर करायची,
बोलणं न तोडता, माशी हाकलल्यासारखी.
दिवा परत उजळायचा.

‘तू कोण, लव्ह?’
(लव्ह इथे ‘अगं’च्या जागी.)
‘दिव्यांची,’ मी म्हणाले.
‘बरी आलीस. हा मेला फार लवकर पेंगतो.’
व्होइतेकने एक फाटलेला पाव हातात ठेवला,
विकायला न चालणारा. बोटं भाजली.
मीठ जास्तच लागतं, असं मीही सांगून टाकलं,
कोबी मी कधीच आंबवलेला नाही.

दुसऱ्या दिवशी फॉर्म. रकाने चार:
वायर, सेन्सर, पाणी शिरले, इतर.
इतरमध्ये लिहिलं: माणसं उभी असतात.
यंत्रणेने नाकारलं.
मग लिहिलं: मांजर.
लगेच घेतलं.
दहा मिनिटांची मुदत नव्वदवर नेली,
एवढा अधिकार मला आहे.

‘त्या चव्वेचाळीस-सतराचं काय केलंस?’ ग्रॅहमने विचारलं.
‘वाढवला,’ मी मराठीत सांगितलं.
त्याला हा शब्द आता येतो.
तो ‘अरेरे’ म्हणाला आणि किटली लावायला उठला.

तीन बावीस.
ठिपका पांढरा, स्थिर.
खालच्या गल्लीतून आणखी एक उजेड निघालाय,
नवा आहे, ओळखीचा नाही,
चढावर थांबत थांबत
तिकडेच येतोय बहुतेक.